मुलाखत माफ

पुकाऱ्यांचा पासपोर्ट व्हिसा चिकटवून परत आला आणि मावशींचा चिठ्ठी खोचून. व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या फॉर्मवाल्याने दोन्ही पासपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, चिठ्ठी एकदा मनातल्या मनात वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि मग उगाचच स्टेपलर उचलून सरळ करून ठेवला.

"काकांचं झालं," तो म्हणाला. "मुलाखत माफ."

"आणि हिचं?" पुकाऱ्यांनी विचारलं.

"मावशींना बोलावलंय. समक्ष."

चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. नव्या फोटोतला चेहरा मागच्या नोंदीतल्या चेहऱ्याशी जुळत नाही, सबब अर्जदाराने स्वतः हजर राहावे. खाली तारीख होती, पुढच्या पंधरवड्यातल्या गुरुवारची. मावशींनी ती चिठ्ठी हातात घेतली, घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि प्यायला पाणी मागितलं.

खरं तर हे सगळं उलटं व्हायला हवं होतं. पुकारे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कोर्टाच्या दाराबाहेर उभं राहून वादी-प्रतिवादींच्या नावाचा पुकारा करण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली, म्हणून लोक त्यांना पुकारे म्हणायचे. निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली, पण आवाज सुटला नाही. घरात मीठ मागितलं तरी खालच्या मजल्यावरच्या माणसाला आपल्यालाच बोलावलंय असं वाटायचं. अशा माणसाला मुलाखतीची कसली भीती? उलट त्यांना हौस. महिन्यापूर्वी फॉर्मवाल्याने जेव्हा सांगितलं, की जुना व्हिसा ह्याच प्रकारचा आहे, संपून फार दिवस झालेले नाहीत, आधी कधी नकार मिळालेला नाही, त्यामुळे आता खिडकीसमोर उभं राहायची गरज नाही, कागद द्यायचे आणि घरी जायचं, तेव्हा पुकाऱ्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी इस्त्रीला टाकलेला कोट तसाच परत आणला. मावशींनी मात्र त्या दिवशी फॉर्मवाल्याकडे चहाचा दुसरा कप मागून घेतला होता.

कारण मावशींना कोणी समोर बसवून प्रश्न विचारले की त्यांची वाचाच बसायची. शाळेत तोंडी परीक्षेत हेच झालं होतं, दहा वर्षांपूर्वी पहिल्या व्हिसाच्या वेळीही हेच. त्या खेपेला सगळी उत्तरं पुकाऱ्यांनी दिली होती आणि मावशी खिडकीच्या काचेवरचा एक डाग बघत उभ्या राहिल्या होत्या.

संध्याकाळी परदेशातल्या मुलीचा फोन आला. तिला सातवा महिना संपत आला होता, दुसरी खेप होती, पहिली पोर पाच वर्षांची आणि जावयाची नोकरी फिरतीची. आई येणार ह्या एका गोष्टीवर तिचं सगळं गणित उभं होतं. पुकाऱ्यांनी तिला बातमी सांगितली. त्यांच्या आवाजात सांगितली, त्यामुळे ती आणखीच भयानक वाटली.

"म्हणजे बाबा एकटेच येणार?" मुलगी म्हणाली. "आई, बाबांना दूध तापवता येतं का गं?"

"उतू घालवता येतं," मावशी म्हणाल्या.

मुलगी हसली खरी, पण हसता हसता तिचं नाक भरून आलं ते मावशींना फोनवरही कळलं. बाळंतपणाला बाप हजर आणि आई खिडकीत अडकलेली, असलं चित्र त्यांच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलं नसेल. फोन ठेवल्यावर मावशींनी ठरवलं, काय वाटेल ते झालं तरी त्या खिडकीसमोर तोंड उघडायचं. ठरवणं सोपं होतं. रात्री त्यांनी आरशासमोर उभं राहून स्वतःचं नाव सांगून पाहिलं, तेही धड बाहेर पडेना.

दुसऱ्या दिवशी त्या स्टुडिओत गेल्या. हा स्टुडिओ म्हणजे त्यांचं दुसरं घर, किंवा तासांचा हिशोब केला तर पहिलंच. पुढे काउंटर, मधे पडदा आणि दिवे, मागे एक अरुंद खोली, आणि त्या खोलीत खिडकीशी पस्तीस वर्षं मावशी बसलेल्या. काम टचिंगचं. आल्या तेव्हा निगेटिव्हचा जमाना होता. खालून उजेड येणाऱ्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि सॅंडपेपरवर सुईसारखी टोकदार केलेली पेन्सिल चालवायची. निगेटिव्हवर सुरकुती पांढरी दिसते. तिच्यात पेन्सिल भरली की छापलेल्या फोटोत ती नाहीशी होते. जास्त भरली तर माणूस पिठात तोंड बुडवून आल्यासारखा दिसतो, कमी भरली तर गिऱ्हाईक नाक मुरडतं. ह्या दोन्हींच्या मधला जो केसाएवढा रस्ता, त्यावरून मावशी डोळे झाकून चालत. पुढे कॉम्प्युटर आला, पेन्सिलीच्या जागी माउस आला, पण हात तोच राहिला.

गावातल्या निम्म्या चेहऱ्यांवरून त्यांचा हात फिरला होता. कोणाचे डाग, कोणाच्या देवीच्या खुणा, कोणाची जागरणं त्यांनी हलक्या हाताने उचलून घेतली होती. त्यामुळे त्यांची एक गंमत व्हायची. बाजारात ओळखीचं माणूस भेटलं की त्याच्या गालावरचा मस पाहून त्या दचकायच्या. आपण काढला होता, परत कसा आला, असा पहिला विचार त्यांच्या मनात यायचा. नवऱ्याशी भांडून आलेली एक बाई एकदा म्हणाली होती, मावशी, तुमच्या फोटोतली मी कुठे राहते ते सांगा, मी तिच्याकडेच जाऊन राहते. हे सगळे चेहरे मात्र काचेवर निमूट पडलेले असायचे. त्यांना काही विचारायचं नसायचं. उलटून बघणाऱ्या, प्रश्न विचारणाऱ्या चेहऱ्यांची मावशींना सवयच राहिली नव्हती.

मालकाने, म्हणजे जुन्या मालकाच्या मुलाने, दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले. डावीकडे दहा वर्षांपूर्वीचा, उजवीकडे आत्ताचा. मावशींनी तोवर मनाशी पक्कं केलं होतं, की चूक त्या ऑफिसातल्या मशीनची असणार. ह्या मशीनना काय कळतं माणसाचं? मालकाने फोटो मोठे केले. मग तो मावशींकडे बघायचं टाळून पडद्याकडेच बघत राहिला.

"मावशी," तो शेवटी म्हणाला, "तुमच्या भुवईवरची खूण कुठे गेली?"

मावशींचा हात आपोआप कपाळाकडे गेला. खूण जागेवरच होती. डाव्या भुवईला मधोमध छेद देऊन वर गेलेली, बोटाच्या पेराएवढी. जुन्या फोटोत ती स्पष्ट दिसत होती, कारण तो फोटो काढला त्या दिवशी कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला होता आणि फोटो तसाच छापला होता. नव्या फोटोत भुवई अखंड होती, केसनकेस बसवलेली. डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्या होत्या. हनुवटीखालचं लोंबतं जरासं वर उचललं होतं. काम इतकं बेमालूम होतं की मालकालाही आधी कळलं नाही, आणि हे काम ह्या गावात एकच हात करू शकत होता.

मावशींना आठवलं. व्हिसाच्या फोटोला हात लावायचा नसतो हे त्या स्वतः दहा वेळा गिऱ्हाइकांना सांगत. पुकाऱ्यांचा फोटो त्यांनी कडक शिस्तीत, नाकावरच्या केसासकट तसाच ठेवला होता. मग स्वतःचा उघडला. तेवढ्यात मुलीचा फोन आला. फोन खांद्यात धरून पाळण्याच्या, औषधांच्या, नावांच्या गप्पा झाल्या, अर्धा तास. आणि त्या अर्ध्या तासात उजव्या हाताने आपलं रोजचं काम केलं. आधी डोळ्याखाली, मग कपाळ, मग हनुवटी, पस्तीस वर्षांत कधी क्रम चुकला नाही तो त्या दिवशीही चुकला नाही. फोन ठेवल्यावर पडद्यावर जो चेहरा होता तो त्यांना ठीक वाटला होता. ठीक वाटणारच.

त्या एकदम हसायला लागल्या. मालकही हसला, पण त्याला अपराधी वाटत होतं, कारण त्यानेच तो फोटो डोळे झाकून छापला होता. त्याने लगेच स्टुडिओच्या कागदावर पत्र लिहून दिलं. आमच्या संगणकातील बिघाडामुळे फोटोत फरक पडला, त्यात अर्जदाराचा काही दोष नाही. खाली सही, शिक्का.

पुकाऱ्यांना पत्र फार आवडलं. कोर्टात बत्तीस वर्षं दाराबाहेर उभं राहून आत काय चालतं ते त्यांनी ऐकलं होतं, आणि निम्मे साक्षीदार जास्त बोलल्यामुळे बुडतात असं त्यांचं पक्कं मत होतं. त्यांनी रोज संध्याकाळी जेवणाचं टेबल भिंतीला लावून स्वतः पलीकडे अधिकारी बनून बसायला सुरुवात केली. मावशी अलीकडे उभ्या. विचारलं तेवढंच सांगायचं, आपणहून काही बोलायचं नाही, फोटोचं निघालं की पत्र पुढे सरकवायचं आणि गप्प राहायचं, असा धडा होता. प्रश्न विचारता विचारता त्यांचा आवाज चढायचा. पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन विचारून गेली, सगळं ठीक आहे ना. त्यानंतर सराव कुजबुजत झाला. त्यात पुकाऱ्यांचाच घसा बसला आणि मावशींना तेवढी विश्रांती मिळाली.

गुरुवारी दोघं सकाळीच पोचली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने पुकाऱ्यांचा पासपोर्ट पाहिला, त्यातला नवाकोरा व्हिसा पाहिला आणि ज्याचं काम झालंय त्याने आत यायचं कारण नाही असं सांगितलं. पुकाऱ्यांनी नवरेपणाचा हक्क सांगून पाहिला. पहारेकऱ्याने त्यांना रस्त्यापलीकडचा बसथांबा दाखवला. तिथे बाक होतं.

आत लांबलचक दालन, खुर्च्यांच्या रांगा आणि समोर चार खिडक्या. मावशी टोकन घट्ट धरून बसल्या. आजूबाजूचे लोक पुटपुटत उत्तरं घोकत होते. मावशींना स्वतःची उत्तरं आठवेनात, म्हणून त्या सवयीने चेहरे बघायला लागल्या. पुढच्या रांगेतल्या माणसाचा जबडा डावीकडून भारी होता, त्याचा फोटो उजवीकडून घ्यायला हवा. त्याच्या शेजारची बाई गोरी, पण उजेड वरून पडला की तिचे डोळे खोल जाणार. असं करत करत त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांना फक्त थोडंसंच घाबरायला वेळ मिळाला.

खिडकीमागे एक तरुण अधिकारी होता आणि त्याच्या शेजारी दुभाषी बाई, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली. अधिकारी त्याच्या भाषेत बोलायचा, बाई मावशींना सांगायची. नाव, वय, कोणाकडे जाणार. मावशींची उत्तरं आली, बारीक आवाजात का होईना. मग त्याने काचेपलीकडून दोन फोटो वर धरले.

"हा फोटो बदललाय असं साहेबांचं म्हणणं आहे," बाई म्हणाली. "कोणी बदलला?"

पत्र पर्सच्या वरच्या कप्प्यात होतं. मावशींनी चेन उघडली. कागद बोटाला लागला. पुढे सरकवलं असतं की संपलं होतं. त्यांनी फोटोकडे पाहिलं. अखंड भुवई, हलकी झालेली हनुवटी, कुठेही कडा दिसत नव्हती. इतक्या चांगल्या कामाला कागदावर बिघाड म्हटलं होतं, आणि तेही शिक्का मारून. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी पर्स बंद केली.

"मी," त्या म्हणाल्या. "मीच केलंय ते. माझं कामच आहे. पस्तीस वर्षं स्टुडिओत टचिंग करते मी. मुद्दाम नाही केलं, मुलीशी फोनवर बोलत होते आणि हात चालत राहिला. पण केलं मीच."

दुभाषी बाईने सांगितलं. अधिकाऱ्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने पडद्यावर काहीतरी शोधलं आणि बाईला दाखवलं. बाईचा आवाज जरा कोरडा झाला.

"मागच्या वेळच्या नोंदीत असं आहे, की तुम्ही काही करत नाही. घरीच असता. आणि आता म्हणताय, पस्तीस वर्षं काम करताय. साहेब विचारतात, खरं काय?"

मावशींना दहा वर्षांपूर्वीची ती खिडकी आठवली. काचेवरचा डाग आठवला. आपण काय करता, असं विचारलं होतं, त्यांच्याकडे बघून विचारलं होतं, आणि शेजारून खणखणीत आवाजात उत्तर गेलं होतं: काही नाही, ती घरीच असते. त्या दिवशी सुद्धा त्या अर्धी रजा टाकून आल्या होत्या आणि तिथून परत स्टुडिओत गेल्या होत्या. पुकाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं. तेच मावशींना आत्ता इतक्या वर्षांनी लागलं, आणि चांगलंच लागलं.

"ते मी सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या वतीने सांगितलं गेलं."

"पण आम्ही कसं ओळखायचं?" बाईने विचारलं.

मावशींनी इकडे तिकडे पाहिलं. पेन्सिल नाही, काच नाही, माउस नाही. समोर फक्त दोन चेहरे, दोन्ही उलटून बघणारे. मग त्यांची नजर दुभाषी बाईच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली.

"ताई, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "तुमच्या ह्या फोटोत टचिंग झालंय. ओठाच्या वरचा तीळ काढलाय, तो ठीक काढलाय. पण उजव्या गालावरचा खड्डा भरताना हात जड पडलाय, त्यामुळे गालाची गोलाईच गेली. तिथली सावली ठेवायला हवी होती. आणि मानेचा रंग चेहऱ्याशी जुळत नाही, ते विसरलाय तो. नवशिक्या आहे."

दुभाषी बाई लाल झाली. तिने ओळखपत्रावर हात ठेवला. अधिकाऱ्याने तिच्याकडे पाहिलं, काय म्हणतात त्या? तिचं काम प्रत्येक शब्द सांगायचं होतं. तिने सांगितला, तीळसुद्धा सांगितला. अधिकाऱ्याने वाकून आधी ओळखपत्र पाहिलं, मग बाईचा गाल पाहिला, पुन्हा ओळखपत्र पाहिलं, आणि तो खुर्चीत मागे रेलून हसायला लागला. बाईलाही हसू आवरेना. शेजारच्या खिडकीतले लोक वळून बघायला लागले.

हसू ओसरल्यावर त्याने स्वतःच्या चेहऱ्याकडे बोट केलं आणि काहीतरी विचारलं.

"साहेब विचारतात, त्यांच्या चेहऱ्यात तुम्ही काय बदलाल?"

मावशींनी त्याला नीट न्याहाळलं. डाव्या डोळ्याखाली दोन रात्रींचं जागरण होतं, नाक किंचित उजवीकडे वळलेलं होतं, हे सगळं त्यांना एका नजरेत दिसलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "सरकारी फोटोला हात लावायचा नसतो. मी शिकले आता."

तिथेच एका पडद्यासमोर बसवून त्यांचा नवा फोटो काढला. काढणाऱ्या माणसाला त्यांनी दिवा जरा मागे घ्यायला सांगितला आणि त्याने तो घेतला. परत खिडकीशी आल्यावर अधिकाऱ्याने विचारलं, व्यवसाय काय लिहू? मावशींनी सांगितलं. दुभाषी बाईला त्याच्या भाषेत तेवढा एक शब्द सापडेना, मग तिने दोन वाक्यांत समजावलं. तो बराच वेळ टाइप करत होता. पासपोर्ट आठवड्याभरात घरी येईल, मुलीला कळवा, असं बाई म्हणाली, आणि निरोप घेताना हळूच तिने त्यांच्या स्टुडिओचा पत्ता विचारून घेतला.

पुकारे बसथांब्यावर उभेच होते. एवढा वेळ कोणाशीही न बोलता काढल्यामुळे ते अगदी सुकून गेले होते.

"झालं," मावशी म्हणाल्या. "मिळाला."

पुकाऱ्यांचा जीव भांड्यात पडला. पत्र दाखवलंस ना, काय म्हणाला तो, तू काय म्हणालीस, असे तीन प्रश्न त्यांनी एका दमात विचारले. दोघं बाकावर बसली आणि मावशींनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. न दाखवलेलं पत्र, ओळखपत्र, तीळ. पुकारे मोठ्याने हसले. मग जुन्या नोंदीचं आलं. मावशींनी तेही सांगितलं, जसं होतं तसं, आवाज न चढवता. "मला तेव्हाही विचारलं होतं हो त्यांनी. तुम्हाला नव्हतं विचारलं."

दोघांची बस आली, थांबली, गेली. पुकाऱ्यांनी हात केला नाही. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं तर ते रस्त्याकडे बघत होते. थोड्या वेळाने ते बोलले, आणि शेजारी बसलेल्या माणसालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलले.

"नेमकं काय करतेस गं तू तिथे?"

पस्तीस वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मावशींनी पर्स मांडीवरून बाजूला ठेवली. आधी पेन्सिलीला टोक कसं काढायचं ते सांगावं लागेल, त्या म्हणाल्या, त्यालाच मला दोन महिने लागले होते. पुकारे त्यांच्याकडे वळून बसले.